पानांनी हवेत सोडलेला निरोप

आंब्याच्या अढीत एक फळ पिकू लागले की भोवतीची फळेही पिकू लागतात, हा आपल्या घरांतील जुना अनुभव. या संगतीच्या गुणामागे इथिलीन हा वायू असतो. दिव्याच्या गॅसमधील इथिलीनमुळे वाटाण्याचे कोंब वाकडे वाढतात, हे नेल्यूबोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने १९०१ मध्ये दाखविले. पिकणारी सफरचंदे हा वायू स्वतःच निर्माण करतात, हे १९३४ मध्ये गेन यांनी सिद्ध केले. वनस्पतींची संप्रेरके हवेतूनही प्रवास करतात, असा याचा अर्थ.

पानेही असे निरोप धाडतात. विषाणूग्रस्त तंबाखूची पाने मिथिल सॅलिसिलेट हवेत सोडतात आणि शेजारच्या निरोगी झाडांची प्रतिकारशक्ती त्यामुळे जागी होते, असे १९९७ मध्ये आढळले. सांधेदुखीच्या मलमांना येणारा उग्र वास याच द्रव्याचा. परंतु हे प्रयोग प्रयोगशाळेतले. उघड्या रानात काय घडते? २००७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातील अक्रोडाच्या बागेत मनोऱ्यावर उपकरणे बसविली होती, ती पानांतून निघणाऱ्या बाष्पांच्या अभ्यासासाठी. त्यांना अनपेक्षितपणे मिथिल सॅलिसिलेट सापडले. कोरड्या हवेत, थंड रात्रीनंतर दिवसा तापमान एकदम चढले की त्याचे प्रमाण वाढे.

इतके विरळ द्रव्य मोजावयाचे कसे? उपकरणात पाण्याच्या वाफेपासून हायड्रोनियम आयन तयार करतात. त्यांत हवा सोडली असता नायट्रोजन व ऑक्सिजन अलिप्त राहतात. मिथिल सॅलिसिलेट मात्र आयनाकडील प्रोटॉन घेते. १५२ वस्तुमानाचा रेणू १५३ चा होतो, विद्युतभारित होतो आणि मोजला जातो. इथिलीनला प्रोटॉनची ओढ पाण्याहूनही कमी, म्हणून ते या जाळ्यात येत नाही. शिवाय सारख्या वस्तुमानाचे रेणू अनेक असू शकतात. तेव्हा ओळख पक्की करण्यास गॅस क्रोमॅटोग्राफीची साक्ष घ्यावी लागते.

पान पिवळे पडलेले शेतकऱ्याला दिसते, तेव्हा बरेच नुकसान होऊन गेलेले असते. झाडाचा ताण त्याआधीच हवेतून कळला, तर पाणी वा औषध वेळेवर देता येईल, ही या मोजमापामागील आशा आहे. मात्र निरोप निघाला म्हणजे तो शेजारच्या झाडाने ऐकला, असे होत नाही. त्याचा पुरावा निराळा द्यावा लागतो. हा विवेक सुटू न देणे, हीच विज्ञानाची खरी शिस्त होय.