मातीखालच्या बाहुलीचे वय

इंग्लंड-अमेरिकेत जुन्या घराचे परस किंवा पूर्वीच्या संडासाचा खड्डा उकरताना चिनी मातीची बाहुली निघते, तेव्हा पहिला प्रश्न असतो, ही किती जुनी? केवळ चेहऱ्यावरून अंदाज बांधू नये, असे आम्हाला वाटते. चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, बांधणी. हातपाय न हलणारी, एकसंध बाहुली असेल, तर ती बहुधा ‘गोठलेली शार्लट’ या नावाने ओळखली जाणारी. अशा बाहुल्या साधारण 1850 ते 1920 या काळात मुख्यतः जर्मनीत बनल्या. नुसते डोके-खांदे सापडले आणि खांद्याच्या कडेला छिद्रे असली, तर ते कापडी किंवा चामडी अंगाला शिवलेले होते. अंग मातीत कुजले, चिनी माती टिकली.

दुसरी, पृष्ठभाग. काचेसारखी चकाकी असेल तर झिलई दिलेली चिनी माती. नसेल तर तिला ‘बिस्क’ म्हणतात.

तिसरी, छाप. इंग्लंडच्या 1887 च्या आणि अमेरिकेच्या 1890 च्या कायद्यांमुळे परदेशी मालावर देशाचे नाव येऊ लागले. ‘जर्मनी’ असा छाप दिसला, तर बाहुली बहुधा त्यानंतरची. छाप नसला म्हणून ती आधीची ठरत नाही. लहान बाहुल्यांवर पुष्कळदा छाप नसेच.

चौथी, जागा. बाहुली बनली कधी, हे साचा सांगतो. ती मातीत गेली कधी, हे सोबतची नाणी, बाटल्या आणि खापरे सांगतात. खेळणे घरात वीस-तीस वर्षे राहू शकते. म्हणून उचलण्याआधी फोटो काढा, खोली मोजा, कोणत्या वस्तू कुठे होत्या ते लिहून ठेवा. एकदा ही माहिती गेली की परत मिळत नाही. धुताना साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरे. भट्टीत न भाजलेला रंग घासल्याने निघून जातो.

एवढी काळजी कशासाठी? जर्मनीच्या थुरिंगिया भागात, विशेषतः झोनेबर्गच्या परिसरात, गरीब कुटुंबे घरी बसून खेळणी बनवत. रंगवणे-शिवणे तुटपुंज्या मजुरीवर चाले आणि मुलेही हातभार लावत. त्या काळच्या बाहुलीमागे म्हणून दोन मुले असू शकतात. एक तिच्याशी खेळले, दुसरे कदाचित तिच्यासाठी राबले. दोघांचीही नावे कुठे लिहिलेली नाहीत. आपल्या मुलांना असे काही सापडले, तर किंमत विचारण्याआधी त्यांच्या हाती वही-पेन्सिल द्यावी.