‘एकच प्याला’ आणि झाडीपट्टीतील वर्ग

भाताची कापणी आटोपून धान खळ्यावर आले आणि दिवाळीनंतरच्या मंडया गावोगाव भरू लागल्या, की गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी, देवरी या भागांत, तसेच भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या शेजारच्या जिल्ह्यांत, झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो. वडसा येथे कार्यालये थाटून बसलेल्या नाटकमंडळ्यांकडे गावोगावचे लोक सुपारी घेऊन जातात, मंडप उभे राहतात, आणि रात्री उशिरा सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यापासून या रंगभूमीचे नाव दूरवरच्या लोकांनाही ठाऊक झाले आहे. परंतु जो मुलगा आजोबांच्या मांडीवर बसून सबंध रात्र नाटक पाहत वाढला, ज्याला पात्राचे आगमन, स्वगत, नाट्यपद आणि प्रॉम्प्टरचा दबका आवाज हे सारे अंगवळणी पडले आहे, तोच मुलगा शाळेच्या बाकावर नाट्यउतारा समोर आला की मान खाली घालून ‘पुढील प्रश्नांची उत्तरे एका वाक्यात लिहा’ या हुकमाची तामिली करू लागतो, ही विसंगती शिक्षणाचा विचार करणाऱ्या कोणाही माणसाला अस्वस्थ करणारी आहे.

नाटक ही करून पाहण्याची वस्तू आहे, आणि शोकांतिका तर विशेषच. तिचा शेवट सर्वांना आधीच ठाऊक असतो. म्हणून ‘पुढे काय झाले’ हा प्रश्न तेथे निरर्थक ठरतो आणि ‘हे टळले असते काय, आणि कोणत्या क्षणी’ हा एकच प्रश्न उरतो. हा प्रश्न फळ्यावर लिहून सुटत नाही. तो विद्यार्थ्याला त्या क्षणी उभे करून विचारावा लागतो.

या दृष्टीने मराठीतील कोणते नाटक घ्यावे, असा विचार करता राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’कडे मन वळते. विदर्भाशी गडकऱ्यांचे नाते मोठे करुण आहे: २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे, वयाची चौतिशीही पुरी झाली नसताना, त्यांचे देहावसान झाले, आणि ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीने त्यानंतर अवघ्या महिन्याभरात रंगभूमीवर आणला. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडस यांचा सुधाकर या भूमिकांनी ते नाटक अजरामर केले. कथा सर्वपरिचित आहे. बुद्धिमान परंतु तापट वकील सुधाकर याची सनद न्यायालयातील उद्धट वर्तनामुळे काही काळापुरती रद्द होते. त्या अपमानाच्या दाहात मद्यपी तळीराम त्याच्या हाती एकच प्याला देतो. त्या प्याल्यामागून दुसरा येतो. घरातली लक्ष्मी जाते, पत्नी सिंधू दळण दळून संसार चालवू लागते, नशेतल्या प्रहाराने तान्हे मूल दगावते, सिंधू मरणपंथाला लागते, आणि अखेरीस सुधाकरही आपल्या हाताने विष घेतो. इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे ऑथेल्लोची आठवण झाली तर नवल नाही; महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ सालीच त्या नाटकाचे मराठी भाषांतर केले होते आणि पुढे देवलांनी त्याला ‘झुंझारराव’ हे मराठी रूप दिले. परंतु गडकऱ्यांच्या नायकाचा शत्रू इयागोसारखा कपटी माणूस नाही; तो प्याल्यात आहे, आणि त्याहूनही अधिक त्या नायकाच्या मानी, चटकन दुखावणाऱ्या स्वभावात आहे. हे मुलांच्या लक्षात कसे आणून द्यावे, हा खरा अध्यापनाचा प्रश्न.

त्यासाठी रंगमंच, पडदा, वेशभूषा यांपैकी कशाचीही जरुरी नाही. बाक भिंतीला लावून मधली जागा मोकळी केली, आणि एक खुर्ची मध्यभागी ठेवली, म्हणजे पुरे. त्या खुर्चीवर तळीरामाला बसवावे. शिक्षकाने स्वतः मुन्सफाची भूमिका घ्यावी, एका मुलाने शिरस्तेदार होऊन पुकारा करावा, आणि उरलेल्या वर्गाने तळीरामाची उलटतपासणी घ्यावी. येथे एक नियम कसोशीने पाळावा: खुर्चीवरील विद्यार्थ्याने नाटकातील वाक्ये पाठ म्हणावयाची नाहीत, नाटक वाचून त्याला जो तळीराम समजला, त्या तळीरामाच्या वतीने त्याने जबानी द्यावी. पहिला प्याला तू दिलास की त्याने मागितला? तो रात्रभर तळमळत होता तेव्हा त्याच्याजवळ दुसरे कोण बसले होते? तुझ्या स्वतःच्या बायकोची, गीतेची, काय अवस्था आहे? आर्यमदिरामंडळाची स्थापना करताना तुझ्या मनात काय होते? असे चार प्रश्न झाले की वर्गाच्या ध्यानी येते, की तळीरामाला दोषी ठरवणे सोपे असले तरी त्याने सुधाकराचा हात धरून घोट त्याच्या घशात ओतला, असे काही सिद्ध होत नाही. मग कोणीतरी मागल्या बाकावरचा, एरवी हजेरीपुरते तोंड उघडणारा मुलगा, विचारील की मुन्सफासमोर सुधाकराचा तोल गेला, तेव्हा कोठे दारू होती? या प्रश्नापाशी तासिका संपली तरी चालेल. कारण नायकाचा विनाश त्याच्याच एका स्वभावदोषातून उगवतो हे ॲरिस्टॉटलचे सूत्र, त्याचे नावही न घेता, वर्गाला गवसलेले असते.

दुसऱ्या तासिकेला वर्गाच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या कराव्यात, मध्ये दोन हातांची वाट ठेवावी. सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो, उपजीविकेसाठी जुन्या ओळखीच्या लोकांकडे जातो आणि तेथून अपमानित होऊन परततो, तो प्रसंग येथे घ्यावा. एका विद्यार्थ्याने सुधाकर होऊन रांगांमधून सावकाश चालावे. एका बाजूने प्रत्येकाने त्याला घराकडे वळवणारे एकेक वाक्य बोलावे, दुसऱ्या बाजूने प्याल्याकडे ओढणारे. सिंधूचे नाव, मुलाचे हसू, रामलालची मैत्री एकीकडे. ‘तुला विचारतो कोण’, ‘आजच्या दिवसापुरती घे’ हे दुसरीकडे. वाट संपल्यावर त्या मुलाला एवढेच विचारावे, की कोणते वाक्य तुला खरे वाटले. बहुधा असे आढळते की उपदेशाची वाक्ये त्याच्या कानांवरून गेलेली असतात आणि अपमानाची वाक्ये जिव्हारी लागलेली असतात; आणि गडकऱ्यांचा सुधाकर सद्बोध ऐकूनही का बुडतो, याचे उत्तर त्याच्या पायांना, त्या चार पावलांत, मिळालेले असते.

सुधाकर आणि सिंधू यांना प्रत्येक अंकानंतर जमिनीवर खडूने दाखवलेल्या जागी उभे करून त्यांच्यामधील अंतर वर्गाला ठरवू द्यावे, हाही एक साधा आणि उपयुक्त प्रयोग आहे. त्यावर अधिक विस्तार नको.

खरी कसोटी सिंधूच्या जबानीपाशी लागते. मृत्युशय्येवरील सिंधू नवऱ्याला वाचवण्यासाठी फौजदाराला खोटे सांगते. शंभर वर्षांपूर्वीचा प्रेक्षक येथे पातिव्रत्याच्या तेजाने भारावून जात असे. आजच्या वर्गातील मुली भारावून जातीलच असे नाही, आणि त्यांनी भारावून जावे असा आग्रह शिक्षकाने धरू नये. ब्राझीलचे रंगकर्मी ऑगुस्तो बोआल यांनी प्रेक्षकाने प्रसंग थांबवून स्वतः पात्राच्या जागी उभे राहावे, अशी पद्धत रूढ केली. ती येथे अवलंबावी. जिला वाटेल तिने हात वर करून सिंधूची जागा घ्यावी आणि फौजदाराला खरे ते सांगावे. एक सांगेल, दुसरी माहेरी निघून जाईल, तिसरी पद्माकर भावाची मदत वेळीच स्वीकारील. हे सारे होऊ द्यावे. परंतु माझे स्पष्ट मत असे, की पर्यायी शेवट करून टाळ्या वाजवून वर्ग संपवणे हा नाटककाराशी आणि मुलांशीही अन्याय आहे. पर्याय पाहून झाले की पुन्हा गडकऱ्यांच्या शेवटाकडे यावे आणि तो प्रवेश मूळ शब्दांत सर्वांनी मिळून मोठ्याने वाचावा. ज्या वाटा आपण आता चालून पाहिल्या, त्या त्या काळातल्या त्या बाईला का दिसल्या नाहीत, किंवा दिसूनही तिने का धरल्या नाहीत, हे उमजल्यावरच त्या प्रवेशातील शोक अश्रूंच्या पलीकडे जातो.

भाषेचा प्रश्न गोंदिया जिल्ह्यात विशेष बिकट आहे. वर्गातील कोणाच्या घरी झाडीबोली, कोणाच्या घरी पोवारी, सालेकसा आणि देवरीच्या बाजूला गोंडी, तर गोंदिया शहरात हिंदी. आणि समोर गडकऱ्यांची अनुप्रासांनी लगडलेली, कोटिबाज, संस्कृतप्रचुर मराठी. यास्तव प्रसंग आधी मुलांना आपापल्या बोलीत करू द्यावा. सिंधूने झाडीबोलीत नवऱ्याची विनवणी केली म्हणून गडकऱ्यांची प्रतिष्ठा उणावत नाही. उलट त्या विनवणीचा अर्थ एकदा जिभेवर बसला, की मूळ वाक्यातील समासांची गाठ सुटू लागते आणि विद्यार्थी त्या भव्य शब्दांकडे स्वतःहून वळतो.

एक सावधगिरी मात्र प्रत्येक शिक्षकाने बाळगलीच पाहिजे. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. गोंदियात ती नाही, आणि ज्या मुलासमोर आपण सुधाकराचे घर उभे करतो, त्याचे स्वतःचे घर कदाचित तसेच असेल. म्हणून ‘तुमच्या गावात असे कोणी आहे काय’ हा प्रश्न कधीही विचारू नये, सुधाकराची भूमिका कोणावर लादू नये, आणि तासिका संपताना प्रत्येकाने आपले खरे नाव उच्चारून भूमिका उतरवून ठेवावी. पात्राचे नाव हा मुलाचा पडदा आहे. तो बाहेरून ओढण्याचा अधिकार शिक्षकाला नाही. त्याचप्रमाणे मोहाच्या झाडाला गुन्हेगार ठरवणेही अनुचित होय; चैत्रात वेचलेली मोहफुले ही येथल्या गोंड कुटुंबांची मिळकत आहे, अन्न आहे, देवकार्यातली वस्तू आहे. नाटकाचा विषय एका माणसाचा निश्चय कसा मोडतो हा आहे, हे भान सुटता कामा नये.

वर्गनाट्याची ही विद्या पाश्चात्य देशांत डॉरोथी हीथकोट या विदुषीने विशेष पुढे नेली. १९२६ साली यॉर्कशायरमध्ये जन्मलेली ही बाई चौदाव्या वर्षी शाळा सोडून लोकरीच्या गिरणीत कामाला लागली होती, आणि पुढे न्यूकॅसल येथील विद्यापीठात तिने शिक्षकांच्या पिढ्या घडवल्या; शिक्षकाने स्वतः भूमिका घेऊन मुलांत मिसळावे, हा तिचाच आग्रह होता. आपल्याकडे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने १९८९ पासून शालेय नाट्यासाठी स्वतंत्र मंडळी चालवली आहे. परंतु गोंदियाच्या शिक्षकाने दिल्ली किंवा न्यूकॅसलची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्या गावात रात्रभर उभे राहून स्वगत बोलणारा कलावंत शेतात राबताना भेटतो, त्या गावात त्याला एका तासिकेपुरते शाळेत बोलावणे हे मुख्याध्यापकाच्या एका चिठ्ठीचे काम आहे.

तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळांतील मराठीच्या शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे, की यंदा मंडया सुरू होण्यापूर्वीच्या पंधरवड्यात त्यांनी चार तासिका राखून ठेवाव्यात, ‘एकच प्याला’चे एक पुस्तक ग्रंथालयातून काढावे, आणि बाक भिंतीला लावून एक खुर्ची मध्यभागी ठेवावी. प्रश्नोत्तरे पाचव्या तासिकेला घेता येतील.