तुकड्याच्या रिपोर्टातले आकडे

जळगाव-धुळ्याकडे मानेत गाठ आली की पहिला संशय टीबीचा, आणि तो बहुतेकदा रास्तही असतो. औषधांनी गाठ बसली नाही, की तुकडा काढतात, तो फॉर्मॅलिनच्या बाटलीतून लॅबला जातो आणि घर रिपोर्टाकडे डोळे लावून बसतं. लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कॅन्सर निघाला, तर रिपोर्टात सीडी ३, सीडी २० असे आकडे येतात. पन्नास वर्षांपूर्वी पेशीच्या रूपावरूनच तिचं कूळ ठरवायचे.

१९७५मध्ये केंब्रिजला कोहलर आणि मिलस्टाइन यांनी पेशीवरच्या एकाच खुणेला चिकटणारी प्रतिपिंडं हवी तितकी बनवण्याची रीत काढली. १९८२ला पॅरिसच्या बैठकीपासून या खुणांना सीडी क्रमांक मिळू लागले: टी पेशीवर सीडी ३, बी पेशीवर सीडी २०. हिशेब सोपा वाटला. दुर्मीळ लिम्फोमांनी तो मोडला.

त्याच १९८२मध्ये जर्मनीतल्या कील शहरातून हॉजकिन लिम्फोमाच्या पेशी ओळखणारं प्रतिपिंड पुढे आलं. ते ज्या खुणेला चिकटतं ती आजची सीडी ३०. १९८५मध्ये त्या प्रतिपिंडानेच वेगळा आजार उघड केला, अ‍ॅनाप्लास्टिक लार्ज सेल लिम्फोमा. पेशी बहुधा टी कुळातल्या, पण सीडी ३ पुष्कळदा हरवलेली. थोराड, घोळक्याने बसलेल्या, त्यामुळे दुसऱ्या अवयवातला कॅन्सर पसरल्यासारख्या दिसणाऱ्या. सीडी ३०ची तपासणी केली, की पेशीच्या कडेने तपकिरी रेघ उमटते आणि केंद्रकाशेजारी एक ठिपका. १९९४मध्ये यातला एएलके जनुकाचा बिघाड सापडला. तो असलेले रुग्ण बहुधा लहान वा तरुण, उपचारांना चांगली साथ देणारे. म्हणून इथली चूक मला सर्वांत जास्त सलते. बरं होण्याजोगं पोर भलत्याच औषधांवर जातं.

१९९७मध्ये सीडी २०वर नेम धरणारं रिटुक्सिमॅब हे औषध अमेरिकेत मंजूर झालं. त्याच वर्षी प्लाझ्माब्लास्टिक लिम्फोमाचं वर्णन आलं: बी कुळातला, एचआयव्हीबाधितांत जास्त दिसणारा, पण सीडी २० जवळपास नसलेला. तिथे सीडी १३८ पाहावी लागते.

खान्देशातून 'टाटाला नेणं', म्हणजे मुंबईच्या टाटा रुग्णालयात नेणं, आजही चालूच आहे. धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जुनं, जळगावचं २०१८चं. या खुणांची निदान पहिली फेरी दोन्हीकडे इथल्या इथे व्हायला हवी. तोवर नातेवाइकांनी रिपोर्टाच्या कागदासोबत, तुकडा ज्यात बसवलेला असतो तो मेणाचा ब्लॉकही मागून न्यावा. नीट जपलेल्या ब्लॉकमधून अनेक वर्षांनंतरही नवे काप काढता येतात. आयआयटी मुंबई आणि टाटाच्या संशोधनातून आलेल्या, २०२३मध्ये मंजूर झालेल्या नेक्सकार १९ उपचाराचा नेम सीडी १९वर आहे. गाठीत ती खूण आहे की नाही, हेही त्याच ब्लॉकच्या कापावर पाहता येतं.