पर्यटकांची घरे आणि गावची माणसे

परगावी गेल्यावर हॉटेलऐवजी कोणाच्या तरी घरात चार दिवस राहण्याची पद्धत आता आपल्याकडेही रुळली आहे. स्वयंपाकघर मिळते, खर्च वाचतो. अमेरिकेत २००८ साली ‘एअरबीएनबी’ सुरू झाल्यापासून अशी घरे दुरून ठरवणे फारच सोपे झाले. पण त्या गावात कायम राहणाऱ्यांचे काय होते?

साधा हिशेब करून पाहा. वर्षभर भाड्याने दिलेल्या घराचे महिन्याला १५,००० रुपये येतात असे समजा. तेच घर पर्यटकांना रात्रीला २,००० रुपयांनी दिले, तर पंधरा रात्रींतच ३०,००० होतात. उरलेले दिवस कुलूप राहिले तरी मालकाचे नुकसान नाही. मग बदलून आलेल्या शिक्षकाला किंवा परिचारिकेला घर कोण देणार? भाड्याची घरे कमी होतात आणि उरलेल्यांचे भाडे चढते.

स्पेनमधील बार्सिलोनात, महापौरांनीच दिलेल्या आकड्यांनुसार, दहा वर्षांत घरभाडी ६८ टक्क्यांनी वाढली. म्हणून जून २०२४ मध्ये त्यांनी जाहीर केले की पर्यटकांसाठीच्या १०,१०१ सदनिकांचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर चालू ठेवायचे नाहीत.

इटलीतील व्हेनिसची स्थिती अधिक बिकट आहे. जुन्या शहरात १९५१ साली सुमारे पावणेदोन लाख माणसे राहत. २०२२ मध्ये ती ५०,००० च्याही खाली गेली. रिआल्टो पुलाजवळच्या एका औषधांच्या दुकानात रहिवाशांची संख्या दाखवणारा फलकच लावलेला आहे! ही ओहोटी जुनी आहे, पूर आणि महागाई हीही तिची कारणे आहेत. पर्यटकांना दिलेल्या घरांनी तिला जोर दिला. रहिवासी गेले की भाजीच्या दुकानाच्या जागी मुखवटे विकणारे दुकान येते. आणि पर्यटक कितीही आले, तरी शाळेत नाव घालायला मूल येत नाही.

आपल्या गोव्यात पर्यटकांना खोल्या देण्यावर अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो. त्यात वावगे काही नाही. १९८२ च्या कायद्याप्रमाणे पर्यटन खात्याकडे नोंदणी मात्र करावी लागते. राहत्या घरातली एक खोली देणे वेगळे आणि बाहेरच्या कोणी दहा सदनिका घेऊन त्या फक्त पर्यटकांसाठी ठेवणे वेगळे. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून नेमका हाच फरक अमलात आणला. तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर द्यायचे, तर घरमालकाने स्वतः त्याच घरात राहिले पाहिजे, आणि पाहुणे दोनच.