गोळीतले किती औषध रक्तात पोचते?

‘सुई दिल्याशिवाय गुण येत नाही,’ असे अजूनही अनेक रुग्ण ठामपणे सांगतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि फारशी शाळा न शिकलेल्या बायकांना आपापल्या गावच्या आरोग्यसेविका केले. साधी औषधे आणि मीठ-साखरेचे पाणी यांवर या बायकांनी गावे सांभाळली. अशा गोळ्यांवर किती भरवसा ठेवावा, हे मोजून काढता येते.

या मापाला निरपेक्ष जैवउपलब्धता म्हणतात. शिरेतून दिलेले औषध पूर्णच्या पूर्ण रक्तात जाते, म्हणून तुलना त्याच्याशीच करायची. एकाच व्यक्तीला एकदा शिरेतून आणि ते औषध शरीरातून निघून गेल्यावर पुन्हा तोंडाने डोस देतात. दोन्ही वेळा ठरावीक अंतराने रक्त काढून औषधाची पातळी मोजतात, तिचा आलेख काढतात आणि आलेखाखालचे क्षेत्रफळ मांडतात. दोन नमुन्यांमधला प्रत्येक पट्टा म्हणजे समलंब चौकोन, म्हणजे शाळेतलेच सूत्र. शेवटच्या नमुन्यानंतर उरलेल्या शेपटाचे क्षेत्रफळही त्यात मिळवावे लागते.

समजा, शिरेतून 100 मिलिग्रॅम दिल्यावर क्षेत्रफळ 20 आले आणि गोळीतून 200 मिलिग्रॅम दिल्यावर 30. आकडा गोळीचा मोठा, पण डोसही दुप्पट होता. दर मिलिग्रॅमला गोळीचे 0.15 पडतात, शिरेचे 0.20. भागाकार 0.75, म्हणजे 75 टक्के. शरीर दोन्ही वेळा औषध सारख्याच वेगाने बाहेर टाकते, हे मात्र इथे गृहीत धरलेले असते.

उरलेले औषध कुठे जाते? काही जठरातल्या आम्लात नासते, काही आतड्यातून शोषलेच जात नाही. शोषलेले औषधही आधी यकृतातून जाते आणि तिथे मोडते. प्रोप्रॅनोलॉलचा जेमतेम चौथा हिस्सा वाचतो, म्हणून त्याची गोळी शिरेतल्या डोसच्या कितीतरी पट मोठी असते. जेंटामायसिन आतड्यातून जवळपास शोषलेच जात नाही, त्याला सुईच लागते. कुष्ठरोगावरचे डॅप्सोन मात्र चांगले शोषले जाते, आणि मेट्रोनिडॅझोल तर जवळजवळ सगळेच. रुग्ण शुद्धीवर असेल, उलट्या होत नसतील आणि आतडे नीट काम करत असेल, तर मेट्रोनिडॅझोलची बाटली शिरेतून सोडल्याने तेवढ्याच डोसच्या गोळीपेक्षा फारसे जास्त औषध रक्तात जात नाही.