बॅटरी १८ टक्के होती, मग फोन बंद कसा पडला?

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेलं पाल्हाळ थोडं कापलंय, बाकी तसंच ठेवलंय.)

आजचा विषय माझ्या बाबांमुळे सुचला, आणि त्यात थोडी माझी चूकही आहे.

बाबा मेडिकलमध्ये औषधं घ्यायला गेले होते. पैसे द्यायला क्यूआर स्कॅन करायला घेतला आणि फोन बंद. औषधं काउंटरवर, मागे रांग, खिशात रोख नाही. घरी आल्यावर ते सांगत होते, "अरे, १८ टक्के होती, मी बघितलं होतं." मी काय म्हणालो असेन? "बाबा, तुम्ही नीट बघितलं नसेल." इंजिनीअर मुलगा ना! दोन दिवसांनी माझ्या हातात तोच फोन, २१ टक्क्यांवर, कॅमेरा उघडल्या उघडल्या बंद पडला. म्हणजे बाबांनी नीटच बघितलं होतं. गडबड त्या आकड्यात होती.

आता हा आकडा येतो कुठून, ते बघू. आपल्याला वाटतं की फोन बॅटरीत डोकावून मोजतो. तसं काही नसतं. बॅटरीत किती चार्ज उरलाय हे थेट मोजताच येत नाही, त्याचा अंदाज बांधावा लागतो.

गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. झाकण उघडायची सोय नाही. मग पाणी किती आहे हे कसं ओळखाल? एक मार्ग म्हणजे नळाला दाब किती आहे ते बघायचं. बॅटरीत हा दाब म्हणजे व्होल्टेज. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरली की साधारण ४.२ व्होल्ट किंवा थोडी वर असते, आणि उतरत उतरत साडेतीनच्याही खाली जाते. पण मधल्या मोठ्या टप्प्यात व्होल्टेज फारच हळू बदलतं. ६० टक्के आणि ४० टक्के यांत फरक असतो अगदी थोडा. नुसत्या दाबावरून सांगायला गेलं तर चुकणारच.

म्हणून दुसरा मार्ग: पाईपला मीटर लावायचा. आत किती गेलं, बाहेर किती आलं, याचा हिशोब ठेवायचा. फोनमध्ये हे काम एक छोटी चिप करते, तिला फ्युएल गेज म्हणतात. ती येणारा-जाणारा करंट सतत मोजते आणि बेरीज-वजाबाकी करत राहते. ५००० एमएएचची बॅटरी, त्यातले ४००० गेले, म्हणजे उरले २० टक्के. सोपं आहे.

पण मोजमापातल्या बारीक चुका साठत जातात. आणि मुख्य म्हणजे, टाकी ५००० ची राहिलीच नसेल तर? तीन-चार वर्षांत बॅटरीची क्षमता कमी होते, टाकीच्या तळाशी गाळ साचावा तशी. चिप हा बदल शिकत असते, पण त्यासाठी तिला अधूनमधून पूर्ण भरलेली आणि बरीच उतरलेली बॅटरी दिसावी लागते. आपण दिवसभर ४० वरून ७०, ७० वरून ५० असं करत राहिलो की तिचा अंदाज भरकटू शकतो.

बाबांच्या फोनचं खरं दुखणं मात्र वेगळंच होतं. गाळ फक्त टाकीत नाही, पाईपमध्येही साचतो. बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध, म्हणजे इंटर्नल रेझिस्टन्स, वाढतो. पाणी आहे, पण सगळे नळ एकदम सोडले की धार येत नाही.

आकड्यांत सांगतो. समजा स्वस्थ पडलेल्या फोनची बॅटरी ३.७ व्होल्टवर आहे. क्यूआर स्कॅन करताना कॅमेरा, प्रोसेसर, उन्हात फुल ब्राइटनेस, मोबाईल डेटा, सगळं एकदम चालू. क्षणभर २ अँपिअर करंट लागला. नव्या बॅटरीचा रोध ०.१ ओहम धरा, व्होल्टेज ०.२ ने पडेल, म्हणजे ३.५. फोन मजेत. जुन्या बॅटरीचा ०.३ धरा, ०.६ ने पडेल, म्हणजे ३.१. फोनची मर्यादा ३.३ असेल तर तो तिथल्या तिथे बंद. १८ टक्के चार्ज आत होता, बाहेर काढता येत नव्हता. थंडीत हा रोध आणखी वाढतो.

हे फक्त जुन्या अँड्रॉइडचं नाही बरं का. २०१६ च्या अखेरीस काही आयफोन असेच अचानक बंद पडत होते. ॲपलने जानेवारी २०१७ च्या आयओएस १०.२.१ मध्ये जुन्या बॅटरीवर प्रोसेसरचा वेग आवरायला सुरुवात केली, पण लोकांना नीट सांगितलंच नाही. डिसेंबर २०१७ मध्ये माफी मागावी लागली. आयफोनमध्ये 'बॅटरी हेल्थ' दिसायला लागली ती त्यानंतर, मार्च २०१८ च्या आयओएस ११.३ पासून.

मग आपण काय बघायचं? सेटिंग्जमध्ये बॅटरीत जाऊन टक्केवारी दाखवायचा पर्याय सुरू करा, नुसतं चित्र बघून काही कळत नाही. आयफोनवर हेल्थ ८० टक्क्यांच्या खाली असेल तर बॅटरी बदलायचा विचार करा. अँड्रॉइडमध्ये कंपनीनुसार ही माहिती कुठेतरी लपलेली असते किंवा नसतेच, तेव्हा लक्षण बघा: २०-२५ टक्क्यांवर, कॅमेरा किंवा गेम उघडताना फोन बंद पडतो, आणि चार्जर लावताच पुन्हा १५-१६ टक्के दाखवतो? मग आकड्यावर विसंबू नका.

बॅटरी 'रिपेअर' करणारी ॲप्स टाकू नका. ॲप बनवणारा म्हणून सांगतो, आम्हाला अँड्रॉइडकडून तयार आकडे मिळतात: लेव्हल, व्होल्टेज, तापमान (तेही दशांश अंशात, ३१२ आलं तर ३१.२ समजायचं). ते वाचता येतात, गाळ काढता येत नाही. उलट सारखं वाचत बसणारं ॲप स्वतःच बॅटरी खातं.

आणि बॅटरी बदलेपर्यंत, २५ च्या खाली पैसे द्यायचे असतील तर आधी बॅटरी सेव्हर लावा, ब्राइटनेस कमी करा, मगच कॅमेरा उघडा. एकदम लागणारा करंट कमी होतो.

बाबांच्या फोनची बॅटरी बदलली. आता तो १८ काय, ५ टक्क्यांवरही क्यूआर स्कॅन करतो. मी त्यांना सॉरी म्हणालो. तरी शर्टाच्या खिशात पाचशेची नोट ठेवूनच ते बाहेर पडतात.