खांद्यामागची हनुवटी
'मैदान आणि मैदानाबाहेर' : लेखांक ९

मागच्या रविवारी मुष्टियुद्धातली दहा गुणांची पद्धत पाहिली. फेरी जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला नऊ, तो खाली पडला तर आठ. त्यावर वाचकांची एक तक्रार आली : मग नुसता मार चुकवणारा माणूस जिंकतो कसा? आणि त्याच दमात दुसरी : बायकोला मारणाऱ्या मेवेदरचं कौतुक तुम्ही करता तरी कसं? (ती बायको नव्हती, त्याच्या मुलांची आई होती. मारहाण मात्र खरी होती.)

हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पण जिथे जिथे अमेरिकन मुष्टियोद्धा फ्लॉइड मेवेदरचा विषय निघतो, तिथे ते एकत्रच येतात. त्याचा खेळ कंटाळवाणा आणि माणूस वाईट, असं एकाच वाक्यात म्हटलं की दोन्हींचा निकाल लागल्यासारखं वाटतं. माझं म्हणणं असं की, पहिल्या वाक्यार्धाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही, आणि तो जोडल्यामुळे आपण दोन्हीकडे चुकीचा न्याय करतो.

आधी खेळ. उजव्या हाताचा बॉक्सर डावा खांदा पुढे करून उभा राहतो. नेहमीच्या गार्डमध्ये दोन्ही मुठी गालांशी असतात. मेवेदर ज्यासाठी ओळखला जातो त्या 'शोल्डर रोल'मध्ये डावा हात खाली, पोटावर आडवा. डावा खांदा उचललेला, हनुवटी त्याच्यामागे दडलेली. उजवी मूठ उजव्या गालाशी. समोरच्याचा उजवा सरळ ठोसा आला की कमरेतून थोडं वळायचं. ठोसा खांद्यावर आपटून घसरून जातो. जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) आला तर उजव्या ग्लोव्हने बाजूला सारायचा, हुक (बाजूने वळून येणारा) आला तर त्याच ग्लोव्हवर घ्यायचा. बरगड्या आडव्या हाताने झाकलेल्याच आहेत. आता मारणाऱ्याची अवस्था बघा : हात हवेत पुढे गेलेला, तोल गेलेला, चेहरा उघडा. त्या क्षणी उजवा परत पाठवायचा. बचावाची गंमत या परतीच्या ठोशात आहे. नुसतं वाचायचं असतं तर रिंगच्या बाहेर उभं राहणं जास्त सोयीचं.

वांद्र्यात हल्ली बॉक्सिंगचे वर्ग गल्लोगल्ली दिसतात. पश्चिमेला बहुतेक वजन उतरवणारे आणि सिनेमासाठी अंग घडवणारे. पूर्वेला मात्र खरंच लढायला शिकणारी काही पोरं भेटतात. अशाच एका वर्गात कोपऱ्यातल्या बाकावर बसून मी चौदाएक वर्षांच्या मुलीचा सराव पाहिला. सरांनी तिच्या हनुवटीखाली टेनिसचा चेंडू धरायला लावला होता. तो पडला की पाच पुशअप. सर हातात पॅड घालून तिच्या तोंडाच्या दिशेने उजवा सोडत होते, हळू, पण सोडत होते. पहिल्या काही वेळा ती मागे सरली आणि चेंडू खाली. "मागे नको जाऊस गं, जागेवर वळ," सर म्हणाले. मग ती वळायला लागली, पण डोळे मिटून. "डोळे कशाला मिटतेस? घाबर, पण बघत घाबर." तासाभराने पॅड खांद्याला लागून निसटायला लागलं, तेव्हाही डोळ्यांची उघडझाप थांबली नव्हतीच. पुशअप मात्र कमी झाले होते.

तोंडाकडे येणाऱ्या ठोशाकडे डोळे उघडे ठेवून पाहायचं आणि मागे हटायचं नाही, ही गोष्ट शरीराला मुळात मान्य नसते. ती शिकवावी लागते, वर्षानुवर्षं. मेवेदरच्या घरात वडील आणि दोन काका, तिघेही बॉक्सर. त्याला ती पाळण्यात मिळाली. याला पळपुटेपणा म्हणणाऱ्यांनी एकदा चेंडू हनुवटीखाली धरून बघावा. खरं तर मुंबईकराला हे समजावून सांगायची वेळ यायला नको. 'खडूस' फलंदाजी ही आपली कमाई. विकेट फेकायची नाही, गोलंदाजाला दमवायचं, त्याची चूक होईपर्यंत थांबायचं, हे शिवाजी पार्कपासून आमच्या एमआयजीच्या मैदानापर्यंत पोरांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं गेलं. तेच ग्लोव्ह घालून केलं की आपण 'मार ना रे' म्हणून ओरडतो.

जजनी काय बघायचं, याचे व्यावसायिक मुष्टियुद्धात चार निकष आहेत : स्वच्छ लागलेले ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगवरचा ताबा आणि बचाव. यातला 'परिणामकारक' हा शब्द प्रेक्षक गाळतात. पुढे पुढे चालत जाणारा माणूस जिंकतोय असं डोळ्यांना वाटतं; त्याचे ठोसे लागतायत का, हे मोजायला डोकं लागतं. कधी कधी जजही गंडतात. १९९३ च्या सप्टेंबरात सॅन अँटोनियोत अमेरिकेच्या पर्नेल व्हिटेकरने मेक्सिकोच्या हुलिओ सेझर चावेझला बारा फेऱ्या हवेत मारायला लावलं. निकाल : बरोबरी. दोन जजनी ११५-११५ दिले. तो निकाल आजही मुष्टियुद्धातल्या बदनाम निकालांत मोजतात.

मेवेदर-पॅकियाओ लढतीत, २ मे २०१५ ला लास व्हेगासमध्ये, जज चुकले नाहीत. ११८-११०, ११६-११२, ११६-११२, तिन्ही मेवेदरकडे. लागलेल्या ठोशांची मोजदाद १४८ विरुद्ध ८१. गंमत म्हणजे त्या रात्री त्याने शोल्डर रोल फारसा वापरलाच नाही. फिलिपिन्सचा पॅकियाओ डावखुरा, डावखुऱ्याचा सरळ डावा नेमका खांद्याच्या उघड्या बाजूने येतो. म्हणून मेवेदर पायांवर खेळला, अंतर राखलं, जवळ आला की मिठी मारली. लोकांचे पैसे वाया गेले असं लोकांचं मत. माझं मत, जगातल्या सगळ्यात वेगवान हातांना तो छत्तीस मिनिटं काहीही करू देत नव्हता आणि ते बघायला मिळालं.

आपल्याकडचं उदाहरण विजेंदर सिंगचं. बीजिंगला २००८ साली त्याने मुष्टियुद्धातलं भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक, कांस्य, आणलं, तेव्हा हौशी मुष्टियुद्धात संगणकावर गुण मोजत. पाचपैकी तीन जजनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच ठोसा धरायचा. उपांत्य फेरीत तो ८-५ असा हरला. तीन फेऱ्याही नव्हे, चार फेऱ्यांत दोघांचे मिळून तेरा गुण! अशा हिशेबात उघडं पडून मारामारी करणं परवडत नसे. त्या काळातला बॉक्सर लांबून खेळणारा, वाट बघणारा निघाला तो त्यामुळे. पुढे विजेंदर व्यावसायिक झाला आणि ५ ऑगस्ट २०१७ ला सी लिंक ओलांडून पलीकडे, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये, चीनच्या झुल्पिकार मैमैतिअलीशी लढला. निकाल ९६-९३, ९५-९४, ९५-९४. पट्ट्याखाली मारल्याबद्दल झुल्पिकारचा एक गुण कापला होता. तो परत जोडून बघा : दोन जजच्या मते लढत बरोबरीची होती. तेव्हा डोकलामवरून भारत-चीन तणाव होता, आणि जिंकल्यावर विजेंदरने शांततेसाठी विजेतेपदाचा पट्टा परत द्यायची तयारी दाखवली. सभागृहातल्यांना त्या रात्री त्याच्या गार्डबद्दल काही तक्रार नव्हती.

आता दुसरा प्रश्न. सप्टेंबर २०१० मध्ये मेवेदरने मुलांच्या आईला मारहाण केली. मुलं घरात होती. डिसेंबर २०११ मध्ये त्याने मारहाणीचा गुन्हा कबूल केला, नव्वद दिवसांची कैद झाली. जानेवारीत आत जायचं होतं. पण मे महिन्यात लढत होणार होती (प्रतिस्पर्धी पुढे मिगेल कोट्टो ठरला), म्हणून न्यायाधीशांनी त्याची तुरुंगवारी जूनपर्यंत पुढे ढकलली. नेवाडाच्या क्रीडा आयोगाने परवानाही दिला. लढतीची हमी रक्कम तीन कोटी वीस लाख डॉलर. ती घेऊन, लढत जिंकून, १ जूनला साहेब तुरुंगात गेले आणि ३ ऑगस्टला बाहेर आले. यात त्याच्या शोल्डर रोलचा दोष काय? काहीच नाही. दोष आहे तो लढतीच्या तारखेनुसार शिक्षेची तारीख हलवणाऱ्यांचा.

उलट टोकाला माइक टायसन. तो सगळ्यांचा आवडता, कारण तो आडवा पाडायचा. त्याची मूळ शैलीही बचावाची होती, हे सहसा कुणी सांगत नाही. कस डी'अमाटोने शिकवलेली 'पीकाबू' : दोन्ही मुठी गालांना चिकटवून, डोकं सतत डावी-उजवीकडे हलवत ठोशांच्या आतून शिरायचं. विसाव्या वर्षी तो जगज्जेता झाला तो त्या हलत्या डोक्यामुळे. फेब्रुवारी १९९२ मध्ये इंडियानापोलिसच्या ज्यूरीने त्याला अठरा वर्षांच्या मुलीवरील बलात्काराबद्दल दोषी ठरवलं. सहा वर्षांची शिक्षा, पैकी तीनएक वर्षं भोगून मार्च १९९५ मध्ये सुटला. तो आजवर गुन्हा नाकारतो. ऑगस्टमध्ये लास व्हेगासच्या रिंगमध्ये परत. दोन वर्षांनी लढतीत प्रतिस्पर्धी होलीफिल्डचा कान चावला, तेव्हा मात्र नेवाडाने परवाना रद्द केला आणि तीस लाख डॉलर दंड ठोकला. परवाना परत मिळायला ऑक्टोबर १९९८ उजाडलं. रिंगमधल्या कानाची किंमत आयोगाला बरोबर माहीत होती.

आणि आपण? सप्टेंबर २०१८ मध्ये हाच टायसन एका मिश्र मार्शल आर्ट्स लीगचा पाहुणा म्हणून मुंबईत आला, त्याच एनएससीआय डोममध्ये. फुलं, फोटो, मुलाखती. २०२२ मध्ये 'लायगर' या मुंबईत घडणाऱ्या सिनेमात त्याला भूमिका मिळाली आणि जाहिरातीत त्याचं नाव ठळक झळकलं. शिक्षा भोगून आलेल्या माणसाला काम मिळू नये असं मी म्हणत नाही, मिळावं. पण मेवेदरचं नाव घेताच ज्यांना स्त्रियांचा सन्मान आठवतो, त्यांना टायसनच्या वेळी तो का आठवला नाही? कारण टायसनचे नॉकआउट आपल्याला आवडतात. आवडनिवड आपण नीतीच्या कपड्यात फिरवतो.

पॅकियाओचंही तसंच. २०१५ ची लढत सज्जन विरुद्ध दुर्जन म्हणून विकली गेली. पुढच्याच फेब्रुवारीत सज्जनाने समलिंगी जोडप्यांना जनावरांहून वाईट म्हटलं आणि नाइकेने करार मोडला.

विजेंदरच्या बाबतीत वेगळा घोळ झाला. मार्च २०१३ मध्ये पंजाब पोलिसांनी हेरॉइन पकडलं, त्याच्या पत्नीच्या नावावरची गाडी जवळपास सापडली, आणि पोलिसांनी त्याने अमली पदार्थ घेतल्याचं पत्रक काढलं. त्याने पोलिसांना रक्ताचे, केसांचे नमुने दिले नाहीत. 'नमुने देत नाही म्हणजे नक्की...' हे वाक्य तेव्हा घराघरांत ऐकलं. क्रीडा मंत्रालयाच्या सांगण्यावरून 'नाडा'ने, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने, चाचणी केली आणि मे महिन्यात तो त्यातून स्वच्छ बाहेर आला. तो बातमीचा तुकडा आतल्या पानावर गेला.

आरोप, कबुली आणि दोषसिद्धी या तीन पायऱ्या आहेत, आणि आपण कुठल्या पायरीवर उभे राहून बोलतोय, एवढं तरी माहीत असावं. मेवेदरची कबुली आहे. टायसनची दोषसिद्धी आहे. विजेंदरवर आरोप होता. तिघांना एकाच मापाने मोजणं म्हणजे आळस. आणि माप रिंगमधलं असेल तर त्याहून वाईट.

शेवटी आमच्या दाराशी घडलेली गोष्ट, मुष्टियुद्धातली नाही तरी. क्रिकेटपटू जेमिमा रॉड्रिग्ज वांद्र्याच्या सेंट जोसेफ कॉन्व्हेंटची मुलगी. खार जिमखान्याने तिला मानद सदस्यत्व दिलं होतं. ऑक्टोबर २०२४ च्या सर्वसाधारण सभेत ते रद्द झालं. कारण तिच्या वागण्यातलं नव्हतं. तिच्या वडिलांनी क्लबच्या जागेत धार्मिक कार्यक्रम घेतले, क्लबच्या घटनेत त्याला मनाई आहे, असं काही सदस्यांचं म्हणणं. वडिलांचं उत्तर असं की, त्या प्रार्थनासभा होत्या, पदाधिकाऱ्यांच्या माहितीत झाल्या, धर्मांतराचा काही संबंध नव्हता. जागेच्या वापराचा वाद होता, तर जागा वापरणाऱ्याशी सोडवायचा. सदस्यत्व गेलं ते मुलीचं. ज्या शहराने दोषी ठरलेल्या टायसनला वरळीत हार घातले, त्याच शहरात खारला ही मुलगी नापास झाली.

३० ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, महिला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, तिने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ केल्या आणि ३३९ धावांचं लक्ष्य पार झालं. दुसऱ्या दिवशी अनेकांनी लिहिलं, आता जिमखान्याला कळलं असेल. ही पुन्हा तीच चूक. ती शून्यावर बाद झाली असती तर तो ठराव बरोबर ठरला असता का? माझ्या लेखी तो २०२४ सालीच चुकीचा होता.